लिंकनला न सापडलेले लिंकन

१८४८ सालचा मार्च महिना. अब्राहम लिंकन तेव्हा कोणी मोठा माणूस नव्हता. इलिनॉयमधून अमेरिकन काँग्रेसवर पहिल्यांदाच निवडून आलेला ३९ वर्षांचा एक वकील, एवढीच त्याची ओळख. त्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या एका गृहस्थाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. या गृहस्थांचं नाव सॉलोमन लिंकन. आपल्या गावाचा इतिहास त्यांनी १८२७ मध्येच पुस्तकरूपात छापला होता. त्यांना जाणून घ्यायचं होतं एवढंच, की तुमचं घराणं मूळचं कुठलं? आमच्यापैकीच तर नव्हे?

लिंकनने उत्तर पाठवलं, पण ते फारच तोकडं होतं. वडिलांचं नाव टॉमस. आजोबांचं नाव अब्राहम, ते व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला गेले आणि तिथे इंडियन लोकांच्या हातून मारले गेले. त्याआधी घराणं पेनसिल्व्हेनियात होतं आणि क्वेकर पंथाचं होतं असं ऐकून आहे. बस्स! त्याच्या मागे काही नाही. आणि माहिती इतकी कमी का, याचं कारणही त्याने स्वतःच दिलं होतं. वडील लहानपणीच पोरके झाले, गरिबीत आणि नव्या मुलखात वाढले, शिक्षण काहीच झालं नाही, म्हणून घराण्याचा इतिहास आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

आता गंमत बघा. सॉलोमनचा अंदाज बरोबर होता. हे लिंकन हिंगहॅमचेच. पण हे सिद्ध व्हायला लिंकनच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं जावी लागली. आणि ज्या कागदांवरून सिद्ध झालं ते कागद लिंकन जिवंत असतानाही अस्तित्वात होते! वेगवेगळ्या राज्यांतल्या कचेऱ्यांमध्ये धूळ खात पडले होते, इतकंच.

मग गडबड कुठे झाली? सात पिढ्यांची ही साखळी नेमकी कुठे तुटली, आणि का? ज्यांना रात्री दोन वाजता लॉग फायली चाळून एखादा हरवलेला रेकॉर्ड शोधायची सवय आहे, त्यांना ही गोष्ट आवडेल असं वाटतं.

पिढी पहिली : वय वर्षं अठरा?

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे. तिथल्या स्वॉन्टन मॉर्ली गावात रिचर्ड लिंकन नावाचा एक खाऊनपिऊन सुखी माणूस होता. त्याने चार लग्नं केली. १६२० च्या सुमारास तो वारला तेव्हा मृत्युपत्रात बहुतेक मालमत्ता शेवटच्या बायकोला आणि तिच्या मुलांना गेली. पहिल्या बायकोचा मुलगा एडवर्ड जवळजवळ कोरडाच राहिला. हा एडवर्ड जवळच्याच हिंगहॅम गावात राहायचा. (हो, हिंगहॅम दोन आहेत. एक मूळचं इंग्लंडमधलं, आणि दुसरं तिथल्याच लोकांनी अमेरिकेत वसवलेलं.) वडिलोपार्जित जमीन गेली म्हटल्यावर एडवर्डच्या मुलांना हातचा धंदा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नॉरफोकमध्ये तेव्हा हातचा धंदा म्हणजे विणकाम.

त्यातलाच एक मुलगा सॅम्युएल. त्याचा बाप्तिस्मा १६२२ साली ऑगस्टमध्ये झाल्याची चर्चच्या वहीत नोंद आहे.

१६३० ते १६४० या दशकात साधारण २०,००० इंग्रज माणसं न्यू इंग्लंडमध्ये गेली. बहुतेक सगळी प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चमध्ये कर्मकांड फार झालं असं मानणारी. त्याच वेळी नॉरफोकमध्ये कापडाच्या धंद्याला मंदी आली होती. धर्म आणि पोट, दोन्ही कारणं एकत्र आली. हिंगहॅमचा तर पाद्रीच, रॉबर्ट पेक, १६३८ मध्ये आपल्या माणसांच्या पाठोपाठ अमेरिकेला गेला.

सॅम्युएल त्याच्या एक वर्ष आधी, एप्रिल १६३७ मध्ये, ग्रेट यारमथ बंदरातून निघाला. देश सोडून जाणाऱ्या प्रत्येकाची तेव्हा कसून चौकशी व्हायची आणि नोंद ठेवली जायची. 'जॉन अँड डोरोथी' या जहाजाच्या नोंदीत नॉर्विचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको, मुलगी आणि दोन नोकर आहेत. त्यातला एक नोकर म्हणजे 'सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८'.

म्हणजे पहिल्याच पिढीत दोन बग! आडनाव चुकलंय, आणि वयही जुळत नाही. १६२२ चा बाप्तिस्मा धरला तर तो १४-१५ वर्षांचा असायला हवा. मग हा तोच सॅम्युएल का? इतिहासकार म्हणतात, तोच. कारण पुढे तो हिंगहॅममध्येच स्थायिक झाला, तिथे त्याचे भाऊ आधीपासून होते, आणि धंदाही तोच. आडनावाचं म्हणाल तर कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. वयाचं म्हणाल तर पोरगेलेशा नोकराने परवानगी मिळवण्यासाठी वय वाढवून सांगितलं असेल. एक फील्ड जुळत नाही म्हणून सगळं रेकॉर्ड फेकून द्यायचं नसतं, आणि एक फील्ड जुळलं म्हणून हुरळूनही जायचं नसतं. वंशावळ शोधणाऱ्यांचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं.

चार टॉमस

अमेरिकेतल्या हिंगहॅममध्ये सुरुवातीच्या काळात लिंकन आडनावाची इतकी माणसं आली की विचारता सोय नाही. त्यातले चौघे टॉमस लिंकन! गावकऱ्यांनी त्यावर साधा उपाय काढला. टॉमस गिरणीवाला, टॉमस विणकर, टॉमस पिंपवाला आणि टॉमस शेतकरी. गावच्या कागदपत्रांतही अशीच नावं येतात. नाव युनिक नसेल तर नाव अधिक धंदा अशी जोड-की करायची. हे शहाणपण डेटाबेसच्या जन्माआधी तीनशे वर्षं हिंगहॅमच्या कारकुनाला होतं. (आपल्याकडे तरी वेगळं काय? एका गावात चार पाटील असले की त्यांना मळ्यातले, माडीवाले, वेशीवरचे असं म्हणतातच की.)

यातला टॉमस विणकर हा आपल्या सॅम्युएलचा थोरला भाऊ. सॅम्युएल याच गावात राहिला, मार्था नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि १६९० मध्ये वारला. नोकर म्हणून आलेला पोरगा मरताना स्वतःच्या घराजमिनीचा मालक होता. इंग्लंडमध्ये हे त्याच्या वडिलांना जमलं नव्हतं.

पिढी दुसरी : अब्राहम हे नाव कुठून आलं?

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय, जन्म १६५७. हा विणकर नाही झाला, लोहार झाला. हिंगहॅमजवळच्या हल नावाच्या गावातल्या अब्राहम जोन्सच्या मुलीशी, साराशी, त्याने लग्न केलं. पहिल्या मुलाचं नाव स्वतःचंच ठेवलं, मॉर्डेकाय. १६८९ मध्ये दुसरा मुलगा झाला, त्याला सासऱ्याचं नाव दिलं, अब्राहम. लिंकन घराण्यात 'अब्राहम' हे नाव आलं ते असं, आईच्या माहेरून. पुढे हे नाव या घराण्याला इतकं चिकटलं की शंभर वर्षांनंतरचे लोक त्याच नावावरून नातं लावायला बघत होते. त्याबद्दल पुढे बोलूच.

हा मॉर्डेकाय चांगलाच कर्तबगार निघाला. शेजारच्या सिचुएट गावात त्याने लाकूड कापायची आणि धान्य दळायची गिरणी चालवली, लोखंडाच्या भट्टीत भागी ठेवली. १७२७ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात गिरण्या आणि जमीन गावात राहिलेल्या मुलांना गेली. थोरले दोघं, मॉर्डेकाय आणि अब्राहम, तोवर गाव सोडून गेले होते. त्यांच्या वाट्याला रोख रक्कम आली.

जमीन जिथे राहिली तिथे माणसं राहिली, आणि आठवणीही तिथेच राहिल्या. हिंगहॅम-सिचुएटमध्ये राहिलेल्या लिंकनांना आपली वंशावळ तोंडपाठ होती. त्यांच्यात पुढे ॲटर्नी जनरल झाले, गव्हर्नर झाले. पण रोख रक्कम घेऊन गेलेल्या दोन भावांचं नाव हळूहळू मागे पडलं.

पिढी तिसरी : तीन वर्षांची डेबोरा

धाकटा मॉर्डेकाय (जन्म १६८६) न्यू जर्सीला गेला. तिथे जमीन मुबलक होती आणि लोखंडाची जाण असलेल्या माणसाला मागणीही होती. रिचर्ड सॉल्टर नावाच्या मोठ्या जमीनदाराची मुलगी हॅना हिच्याशी त्याने लग्न केलं. १७१६ मध्ये त्यांना जॉन नावाचा मुलगा झाला. त्याच्या मागोमाग एक मुलगी झाली, डेबोरा.

न्यू जर्सीतल्या एका जुन्या दफनभूमीत डेबोराच्या नावाचा दगड आहे. मे १७२०, वय ३ वर्षं ४ महिने. आडनावात एक अक्षर कमी. लिंकन घराणं इथे राहत होतं याचा हा अक्षरशः दगडावर कोरलेला पुरावा. एरवी एवढ्याशा मुलीची नोंद कुठे झाली असती? आजोबा श्रीमंत म्हणून दगड तरी लागला.

त्यानंतर लवकरच मॉर्डेकाय पेनसिल्व्हेनियात गेला. तिथे एका लोखंडाच्या भट्टीत भागीदार झाला, मग भागी विकून स्कूलकिल नदीकाठी जमीन घेतली. आज त्या भागाला बर्क्स काउंटी म्हणतात. १७३३ मध्ये त्याने बांधलेलं दगडी घर अजून उभं आहे.

त्याचं मृत्युपत्र फेब्रुवारीतलं आहे, १७३५/३६ अशा जोडवर्षाचं. हा काय प्रकार? तर १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि वसाहतींमध्ये कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं! त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे बरेचसे दिवस जुन्या वर्षात धरले जात. गोंधळ नको म्हणून शहाणे कारकून दोन्ही वर्षं लिहीत. मॉर्डेकाय मे १७३६ मध्ये वारला. मृत्युपत्रावर नुसतं १७३५ लिहिलेलं कुणी वाचलं तर त्याला वाटेल की माणूस सव्वा वर्ष आधीच निरवानिरव करून बसला होता. प्रत्यक्षात जेमतेम तीन महिने आधी. टाइमझोनवरून डोकं धरणाऱ्यांनी हा बग जरूर डोळ्यांपुढे आणावा.

क्वेकर होते की नव्हते?

लिंकनच्या घरात पूर्वज क्वेकर असल्याचं बोललं जायचं. याचा पत्ता बर्क्स काउंटीत लागतो. मॉर्डेकायचे शेजारी म्हणजे बून मंडळी. प्रसिद्ध डॅनियल बूनचं घराणं ते हेच, आणि ते क्वेकर होते. मॉर्डेकाय वारला तेव्हा त्याची दुसरी बायको गरोदर होती. त्यानंतर झालेल्या मुलाचं नाव पुन्हा अब्राहम. त्याने १७६० मध्ये डॅनियल बूनच्या चुलत बहिणीशी, ॲनशी, लग्न केलं. आणि क्वेकर सभेने पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल ॲनला दोषी ठरवलं.

झालं की काम! लिंकन जर क्वेकर असते तर ॲनला बोल लागलाच नसता. म्हणजे शेजारी क्वेकर, सोयरे क्वेकर, पण लिंकन स्वतः नाहीत. तीन पिढ्या तोंडातोंडी फिरताना 'क्वेकर लोकांतले' याचं 'क्वेकर' झालं. तोंडी इतिहास सहसा पूर्ण खोटा नसतो. जागा बरोबर सांगतो, तपशील हलवतो.

एक खरेदीखत

आता या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं जोडणारी फॉरेन की.

अडचण अशी होती. न्यू जर्सीत एक मॉर्डेकाय लिंकन सापडतो, पेनसिल्व्हेनियात एक मॉर्डेकाय लिंकन सापडतो, आणि पुढे व्हर्जिनियात एक जॉन लिंकन सापडतो. तिघं एकाच घरातले कशावरून? मृत्युपत्रात मॉर्डेकायने पेनसिल्व्हेनियाची जमीन दुसऱ्या बायकोच्या मुलांना दिली. पहिल्या बायकोच्या मुलाला, जॉनला, दिली न्यू जर्सीतली ३०० एकर. १७४८ मध्ये जॉनने ती जमीन विकली. आता जमीन विकायची तर ती आपल्याकडे कशी आली हे लिहावं लागतं, आपल्याकडे फेरफाराची नोंद बघतात तसंच. त्या खरेदीखतात लिहिलंय की विकणारा जॉन पेनसिल्व्हेनियात राहणारा विणकर आहे, ही जमीन आधी सॉल्टरची होती, त्याच्याकडून मॉर्डेकायकडे आली आणि मॉर्डेकायच्या मृत्युपत्राने जॉनला मिळाली.

एका वाक्यात आजोळ, वडील, मुलगा, धंदा आणि दोन राज्यं! हा कागद न्यू जर्सीत नोंदवलेला होता आणि तिथेच पडून राहिला. सॅम्युएल शॅकफोर्ड नावाच्या संशोधकाने १८८७ मध्ये न्यू इंग्लंडच्या वंशावळीविषयक नियतकालिकात लिंकनच्या पूर्वजांवर लेख लिहिला आणि ही साखळी जुळवून दाखवली. लिंकनला जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती. इंग्लंडमधल्या मुळांसकट सविस्तर ग्रंथ आला तो आणखी पुढे, १९०९ मध्ये, ली आणि हचिन्सन या जोडीचा.

पिढी चौथी आणि पाचवी : दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे

जॉनला वडिलांची पेनसिल्व्हेनियातली जमीन मिळाली नव्हती. त्यामुळे तोही हललाच. १७६८ मध्ये त्याने व्हर्जिनियाच्या शेनंडोआ खोऱ्यात लिनव्हिल नावाच्या ओढ्याकाठी ६०० एकर जमीन घेतली. पेनसिल्व्हेनियात जमिनीचे भाव चढत होते, दक्षिणेला स्वस्त होते. हजारो कुटुंबं तेव्हा त्याच रस्त्याने उतरत होती. वंशावळवाले या जॉनला 'व्हर्जिनिया जॉन' म्हणतात.

त्याचा थोरला मुलगा अब्राहम, जन्म १७४४. हाच लिंकनचा आजोबा. १७७३ मध्ये वडिलांनी त्याला २१० एकर दिली. स्वातंत्र्ययुद्धात तो स्थानिक मिलिशियाचा कॅप्टन होता. १७८० मध्ये त्याने व्हर्जिनियातली जमीन विकायला काढली आणि केंटकीच्या जमिनीचे हक्क विकत घेतले. त्यातल्या ४०० एकरांच्या हक्कपत्रावर नाव आहे 'अब्राहम लिंकहॉर्न'. आडनावाने पुन्हा दगा दिला! शोधणारा नुसता 'लिंकन' शोधत बसला तर हा कागद त्याला सापडणारच नाही.

या पिढीतल्या बायकोचं नाव कसं कळतं, तेही सांगण्यासारखं आहे. नवऱ्याने जमीन विकली की त्यावरचा हक्क सोडल्याचं बायकोला कचेरीत सांगावं लागे. त्या नोंदीत अब्राहमच्या बायकोचं नाव येतं, बाथशेबा. तिचं माहेर कुठलं यावर मात्र पुढे पानंच्या पानं वाद झाले. पुरुषाचं नाव जमीन मिळताना येतं, बायकोचं जमीन सोडताना!

१७८६ : सात-आठ महिन्यांचा फरक

१७८२ च्या सुमारास कॅप्टन अब्राहम बायकामुलांसह केंटकीत पोचला. तेव्हा केंटकी व्हर्जिनियाचाच भाग होता. ज्या जमिनीचे हक्क व्हर्जिनिया विकत होतं ती शॉनी आणि इतर जमातींची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारीची भूमी होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे कागद मिळाला तरी जमीन मिळेलच असं नव्हतं, आणि जीव वाचेल याची तर अजिबातच खात्री नव्हती.

मे १७८६ मध्ये अब्राहम मुलांना घेऊन शेतात काम करत असताना त्याच्यावर गोळी झाडली गेली. तो जागीच ठार झाला. मधला मुलगा जोसाया मदतीसाठी गढीकडे धावला. थोरला मॉर्डेकाय घरात शिरला आणि बंदूक घेतली. आठ वर्षांचा टॉमस बापाच्या देहाशेजारी बसून होता. एक हल्लेखोर टॉमसपाशी येत असतानाच मॉर्डेकायने त्याला टिपलं. ही गोष्ट लिंकनने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा ती आपल्या मनावर जास्त ठसली आहे, असं त्याने पुढे एका नातेवाइकाला लिहिलं.

पण माझ्या मते खरा घाव गोळीचा नव्हता, कायद्याचा होता. अब्राहमने मृत्युपत्र केलेलं नव्हतं. व्हर्जिनियाच्या जुन्या कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन एकट्या थोरल्या मुलाला. अब्राहमचे केंटकीतले दावे पाच हजार एकरांहून जास्त होते. ते सगळे गेले मॉर्डेकायकडे. जोसाया आणि टॉमसला काही नाही.

आणि आता हे वाचा. थोरल्यालाच सगळं देणारा हा कायदा व्हर्जिनियाने १७८५ मध्येच रद्द केला होता. सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा नवा कायदा मंजूर झाला होता. फक्त तो लागू व्हायचा होता १ जानेवारी १७८७ पासून. सात-आठ महिने! प्रॉडक्शनवर जायची तारीख ठरलेली, कोड तयार, आणि मधल्या काळात जुन्या व्हर्जनवर एक कुटुंब उद्ध्वस्त.

टॉमस मजुरी करत भटकत वाढला. लिहिणं-वाचणं नाही, मोठेपणी कशीबशी सही करायला शिकला, तेवढंच. पुढे त्याने स्वतःच्या कष्टाने जमीन घेतली, एकदा नाही, तीनदा. पण केंटकीत मोजणी इतकी ढिसाळ होती आणि एकाच जमिनीवर इतके दावे असायचे की तिन्ही ठिकाणी त्याला फटका बसला. शेवटी १८१६ मध्ये तो इंडियानाला गेला. काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या भानगडींमुळे, असं लिंकनने पुढे लिहून ठेवलं.

रिचर्डच्या मृत्युपत्राने एडवर्डची जमीन गेली म्हणून हे घराणं इंग्लंडमधून बाहेर पडलं. दीडशे वर्षांनी मृत्युपत्रच नव्हतं म्हणून टॉमसची जमीन गेली, आणि तिच्याबरोबर घराण्याची आठवणही गेली. जुने कागद, घरातलं बायबल, वडिलधाऱ्यांच्या गप्पा, हे सगळं घराबरोबर राहतं. ज्याला घरच नाही त्याच्यापर्यंत यातलं काय पोचणार? लिंकनला पूर्वज माहीत नव्हते, कारण त्याच्या वडिलांना वाटा मिळाला नव्हता.

चुकीच्या कचेरीत शोध

याचे परिणाम साधेसुधे नव्हते. लिंकन अध्यक्ष झाल्यावर आणि त्याच्या हत्येनंतर तर जास्तच, त्याच्या जन्माबद्दल घाणेरड्या वावड्या उठल्या. आईवडिलांचं लग्नच झालं नव्हतं इथपर्यंत. लग्नाचा कागद हार्डिन काउंटीत शोधला तर मिळेना, कारण कुटुंब राहायचं तिथे. मग लोकांना अजूनच चेव आला. अखेर १८७८ मध्ये तो सापडला, पण शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत! लग्न १२ जून १८०६ रोजी तिथे झालं होतं. पहिली मुलगी सारा फेब्रुवारी १८०७ मधली. सगळं रीतसर. क्वेरीचं उत्तर रिकामं आलं म्हणजे डेटा नाही असं नव्हे, तुम्ही भलत्याच टेबलावर क्वेरी मारलीय एवढाच त्याचा अर्थ. एका बाईची अब्रू मात्र इतकी वर्षं त्यावर टांगून राहिली होती.

लिंकनने स्वतः काय केलं?

आता परत १८४८ कडे येऊ. लिंकन नुसतं उत्तर देऊन थांबला नाही. व्हर्जिनियाचे एक माजी गव्हर्नर तेव्हा काँग्रेसमध्ये होते. त्यांच्याकडून त्याला कळलं की रॉकिंगहॅममध्ये डेव्हिड लिंकन नावाचे कोणी आहेत. लगेच त्याने त्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं, आणि दोनच पत्रांत खात्री पटली की डेव्हिडचे काका अब्राहम आणि आपले आजोबा अब्राहम एकच. म्हणजे डेव्हिड हा टॉमसचा सख्खा चुलत भाऊ, लिंकनचा चुलतकाका! व्हर्जिनियातली ही मंडळी जमिनीवर टिकून राहिली होती. आणि हेही सांगायला हवं, की या शाखेच्या शेतावर गुलाम राबत होते. गुलामगिरी संपवणाऱ्या अध्यक्षाच्या जवळच्या नात्यातली गोष्ट आहे ही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिंकन प्रचाराला मॅसॅच्युसेट्समध्ये गेला. वुस्टर गावी माजी गव्हर्नर लेव्हाय लिंकन यांच्या घरी जेवायला होता. लेव्हाय यांचं घराणं सॅम्युएल विणकऱ्याच्या दुसऱ्या मुलापासून आलेलं. दोघं एकाच टेबलावर बसले होते, दोघांचा मूळपुरुष एकच होता, आणि हे खात्रीने सांगू शकेल असा एकही माणूस जगात नव्हता.

१८५९ मध्ये निवडणुकीच्या तयारीसाठी मित्राने लिंकनकडे स्वतःची थोडी माहिती मागितली. तेव्हा त्याला किती सोपं होतं! न्यू इंग्लंडचं गव्हर्नरांचं घराणं आपलंच म्हणून मोकळं व्हायचं, कोण अडवणार होतं? आणि तो अंदाज खराही निघाला असता. पण लिंकनने लिहिलं ते एवढंच, की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं लावायचा प्रयत्न झाला, पण ईनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे आढळतात, यापलीकडे हाती काही लागलं नाही.

मला हे फार आवडतं. मॉर्डेकायसारखं दुर्मीळ नाव दोन्हीकडे असणं हा काही किरकोळ धागा नव्हे. वकील माणूस, दोन ओळींत केस उभी केली असती. पण पुरावा जितका होता तितकाच त्याने सांगितला, आणि बाकीचा रकाना रिकामा ठेवला. त्याने तिथे अंदाजपंचे काहीतरी भरलं असतं तर पुढच्या संशोधकांनी तेच खरं मानलं असतं आणि न्यू जर्सीच्या कचेरीत जायचे कष्ट कदाचित घेतलेच नसते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. लिंकनचे पूर्वज सापडले, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी जमीन घेतली, विकली किंवा वाटून दिली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांची जमीन हिसकावली गेली, किंवा ज्यांना स्वतःलाच मालमत्ता म्हणून धरलं होतं, त्यांचं काय? १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत बहुतेक गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली आहे. वय, लिंग, रंग. नावाचा रकानाच नाही. लिंकनचा रिकामा रकाना २२ वर्षांनी का होईना, भरला. या लोकांच्या नातवंडा-पतवंडांपुढे आजही तो तसाच आहे, आणि तिथे ते अजून शोधताहेत.